अर्ध्या किमतीचा रविवार

शुक्रवार, २ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! मिलर्सफर्ड म्हणजे चिमूटभर गाव, पण घर छान ऐसपैस आहे. क्लाइड निवृत्त झाला आणि ओहायोत परत येण्याचं आमचं घोडं गंगेत न्हालं. तो सकाळपासून शिट्टी वाजवत तळघरात ठोकाठोकी करतोय. तिथे गरम पाण्याच्या टाकीमागे एक खोबण आहे, माणूस कसाबसा मावेल एवढी. तिथे त्याला फळ्या ठेवायच्यात. म्हटलं, ठेव बाबा, माझ्या कपबश्यांना हात लावू नकोस म्हणजे झालं.

शेजारची बेव केळ्याचा केक घेऊन आली. दहा मिनिटांत आमची गट्टी जमली, कारण तिलाही माझंच खूळ, इस्टेट सेलचं. क्लाइडने कपाळावर हात मारला. म्हणाला, म्हातारं माणूस वारलं किंवा वृद्धाश्रमात गेलं, की त्याच्या घरात शिरून चमच्यापासून पलंगापर्यंत उचकापाचक करायची, याला काय शौक म्हणतात? गिधाडं आहात तुम्ही! बेव म्हणाली, गिधाडं तर गिधाडं, पण तुझ्या बायकोला पुढच्या शुक्रवारी घेऊन जाणार. स्टाउफरांच्या घरातलं सामान विक्रीला निघतंय.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

अहाहा, काय घर! उजाडायच्या आत रांगेत उभ्या राहिलो, दारावर नंबराचे कागद घेतले, बेवच्या थर्मासमधली कॉफी प्यायलो. दार उघडलं आणि जो तो धावला. मला तर तो वासच आवडतो, जुन्या खणांचा, मेणाचा, लव्हेंडरच्या पुरचुंड्यांचा. बशी उलटून मागचा शिक्का बघायचा, बटणांच्या बरणीत हात घालायचा. हिरव्या काचेचं लोण्याचं भांडं मिळालं आणि मी मनातल्या मनात नाचले.

मग वरच्या खोलीतल्या पेटीत ती दिसली. निळी गोधडी. हाताची शिवण, आणि कोपऱ्यात रेशमाचा ‘एच’. किंमत मात्र अव्वाच्या सव्वा लावलेली. रविवारी उरलंसुरलं सगळं अर्ध्या किमतीत देतात. पण अशी गोष्ट तोवर उरते थोडीच? म्हणून मी नेहमीचं केलं. कुणाचं लक्ष नाहीसं बघून ती तळघरात नेली, पाण्याच्या टाकीमागे कोंबली आणि पुढे एक पत्र्याचा टब सरकवला. यात काय एवढं? बेव तर चांदीचे काटे घर तापवायच्या भट्टीत लपवते.

शनिवार, १० ऑक्टोबर

नुसती नजर ठेवायला गेले होते. उगीच गेले असं झालं.

स्टाउफरबाईंची मुलगी जनीन खोल्याखोल्यांतून फिरत होती. तिची आई, म्हातारी हिल्डाबाई, वृद्धाश्रमात शेवटच्या घटका मोजतेय. एकच धोशा लावलाय, थंडी वाजतेय, माझी निळी गोधडी आणा. ती पेटीतच राहिली आणि चुकून विक्रीत गेली. जनीनने माझा हातच धरला. ताई, तुम्ही पाहिलीत का हो कुठे? माझ्या आजीने आईला लग्नात शिवून दिलेली आहे.

मी नाही म्हटलं. जिन्यावर बेव होती, आणखी पाचसहा जणी होत्या. नवीन गाव, सगळ्यांदेखत चोरटी ठरले असते. वर शोधायला तिच्याबरोबर दोन खोल्या फिरलेसुद्धा! जनीन म्हणाली, सगळीकडे बघितलं, अगदी तळघरात टाकीमागेही टॉर्च मारला.

टाकीमागेही? मी हळूच खाली जाऊन पाहिलं. गोधडी तिथेच होती, समोर, निळा कोपरा धडधडीत बाहेर. हिला दिसली कशी नाही?

उद्या विकत घेईन आणि स्वतः म्हातारीला नेऊन देईन.

रविवार, ११ ऑक्टोबर

हिल्डाबाई काल संध्याकाळी गेली.

मी टाकीमागून काढून नेलेल्या गोधडीवर पैसे घेणाऱ्या बाईने अर्ध्या किमतीची नारिंगी गोल चिकटी लावता लावता सांगितलं. शेवटपर्यंत थंडी थंडी करत होत्या म्हणे, बिचाऱ्या. त्या बाईला नवलच वाटत होतं, इतकी सुरेख गोधडी उरली कशी.

तिथेच टाकून यायचं ना! नाही. पैसे दिले आणि आणली. क्लाइड म्हणाला, वा, सौदा भारी केलास की. मला जेवण गेलं नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

दफनाला गेले. गोधडी गाडीच्या डिकीत होती. शवपेटीत ठेवा म्हणायचं ठरवलं होतं. तर जनीनने मलाच मिठी मारली, ताई, त्या दिवशी तुम्ही किती शोधलंत हो. डिकीची किल्ली मुठीतच राहिली. झाकण लागलं. मी बघत राहिले. थू माझ्या जिनगानीवर.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

गोधडी रात्री पांघरते, पण तिच्यात ऊब नाही. क्लाइडला घाम येतो आणि माझे दात वाजतात.

चष्मा हरवला होता. आमच्याच तळघरात टाकीमागे सापडला. काचेवर नारिंगी चिकटी. क्लाइडवर खेकसले, चेष्टा पुरे म्हणून. तो शपथेवर सांगतो, मी हात लावला नाही.

सोमवार, १९ ऑक्टोबर

आज लग्नाची अंगठी. तीही टाकीमागेच. तिच्यावरही चिकटी. आवडीचं आहे तेच जातंय.

बुधवार, २१ ऑक्टोबर

आमचं मांजर दिसेना. टाकीमागून म्यांव ऐकू आलं — मलाच. क्लाइडने टॉर्च मारला, म्हणाला, काही नाहीये गं तिथे. त्याच्या नाकासमोरून मी हात घातला आणि मांजर बाहेर काढलं. बर्फासारखं गार. पाठीवर चिकटी. क्लाइड माझ्याकडे कसा बघत होता — घाबरून.

आता कळलं. जो लपवतो त्यालाच दिसतं. मग मी न लपवलेलं मांजर तिथे दाखवलं कुणी मला?

यापुढे आवडीचं काय उरलंय? क्लाइड. देवा, क्लाइड नको. उद्या जनीनला सगळं सांगते. गोधडी परत देते. गावाने तोंडावर थुंकलं तरी चालेल.

गुरुवार

गोधडी पलंगावर नव्हती. कुठे असणार — मी खाली आले. खोबणीत शिरले, ती ओढायला. मागे काहीतरी खरखरलं.

पत्र्याचा टब. वाटेत. आमच्या घरात पत्र्याचा टब नाही —

हलत नाही. वही एप्रनच्या खिशात होती म्हणून —

शुक्रवार असावा

क्लाइड आला! टॉर्च सरळ माझ्या तोंडावर. मी ओरडले, अरे इथे, इथे आहे मी! टब ओलांडून बघितलं त्याने. माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाला, इथेही नाही. आणि गेला.

टाकी पाठीला लागून तापलीय. तरी थंडी —

वर जिन्यात बेवचा आवाज. क्लाइड विचारतोय, तू पाहिलीस का गं तिला कुठे? नाही म्हणाली. रडतोय तो. क्लाइड, मी खोटं बोलले होते रे — मला माहीत होतं — थंडी वाजतेय —

कुणीतरी उतरतंय. शिट्टी नाही. क्लाइडची पावलं नाहीत.

टब सरकला.

ही म्हातारी थेट बघतेय माझ्याकडे. हिला दिसते मी. घ्या हो बाई, तुमचीच आहे, चुकलं माझं, घ्या — घेत नाही. माझ्याच अंगावर नीट घालतेय, गळ्यापर्यंत. मानेवर काहीतरी गोल चिकटवलं — आज रवि