कडेवरची तीन मुलं

प्रिय ठमे,

परवा घसा बसलाय म्हणून फोन ठेवून दिला, तो घसा ठणठणीत आहे. तुझ्याकडे राहायला यायचं म्हणून भांडी बांधली का, असं तू विचारत होतीस आणि मला धड खोटं बोलता येईना. आज दुपारी मी लेखी परीक्षा देऊन आले. तुझे बाबा जाऊन आठ महिने झाले, त्यांची पोहण्याच्या तलावावरची तिकीट-खिडकी अजून रिकामीच आहे. पास झाले तर ती नोकरी आणि तिच्याबरोबर मिळालेली ही खोली दोन्ही माझी. नाही तर कपडे बदलायच्या खोल्या धुण्याचं माझं काम चालू राहील, पण किल्ली महिनाअखेर ऑफिसात द्यायची. तुला आधी सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "आई, चार पुस्तकं वाचून कोणी कारकून होत नाही." आणि ते ऐकून मी गेलेच नसते.

पास व्हायला चाळीस मार्क लागतात. भाषेचा भाग बरा गेला, बेरजा-वजाबाक्याही आल्या. मनात मोजले तर चौतीस पक्के. म्हणजे शेवटचं दहा मार्कांचं गणित सुटल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मोठ्यांचं तिकीट बाराचं, लहानांचं सातचं. एकूण पन्नास माणसं आत गेली, गल्ला चारशे पंच्याऐंशी जमला, तर मोठे किती आणि लहान किती? बाकीची मंडळी क्ष, य मांडून मोकळी झाली. मला कुठला क्ष ठाऊक! मी डोळे मिटून खिडकीसमोर रांग उभी केली. खिडकीत कोण बसलंय ते दिसत होतं, पण मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पेपर तिथेच संपला असता.

आता पन्नास माणसं म्हटली की त्यात कडेवरची दोन-तीन आलीच, आणि कडेवरच्या मुलाला तिकीट नाही, हा आपल्या तलावाचा वीस वर्षांचा नियम. मी तीन पोरं फुकट सोडली आणि सत्तेचाळीस जणांत हिशेब बसवत बसले. एकतीस मोठे, सोळा लहान, तर एक कमी. बत्तीस आणि पंधरा, तर चार जास्त. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हाताला इतका घाम की पेन निसटायला लागलं. शेजारची मुलगी पेपर देऊन निघूनही गेली. तेवढ्यात सर ओरडले, शेवटची दहा मिनिटं! मग तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर वाचायला शिकले होते तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून प्रश्न वाचला. अगं, त्यात कडेवरचं मूल कुठेच नव्हतं! मीच घुसवलेलं. तिघांनाही खाली उतरवलं आणि तिकीट काढायला लावलं.

निम्मे निम्मे धरले, पंचवीस आणि पंचवीस. चारशे पंचाहत्तर. दहा कमी. एक लहान काढून तिथे एक मोठा उभा केला, तर पाच वाढले. म्हणजे असं आणखी एकदा. सत्तावीस मोठे, तेवीस लहान. तीनशे चोवीस अधिक एकशे एकसष्ट. तीनदा ताळा केला. सर पेपर ओढता ओढता म्हणाले, "मावशी, रीत कुठाय? नुसत्या खाडाखोडीला मार्क नसतात." मी म्हटलं, "साहेब, खाडाखोड नाही ती, रांग आहे." हसले बिचारे. पण पेपर तपासणारे ते नाहीत.

यादी सोमवारी लागणार आणि तू शनिवारी टेम्पो घेऊन येणार. शनिवारी किल्ली देऊन बसले, तर सोमवारी पास होऊनही खोली हातची गेलेली. फोनवर हे सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी हो म्हणून गेले असते, म्हणून हे पत्र. जावईबापूंनी रजा काढली असेल, माझ्या वतीने त्यांची माफी माग. नापास झाले तर मंगळवारी मीच फोन करीन आणि निमूट येईन, ठेवशील त्या कोपऱ्यात राहीन. पण पास झाले, तर मला तुझ्या घरी पाहुणी म्हणून यायचंय गं, सामानाबरोबर नाही. म्हणून या शनिवारी येऊ नकोस.

तुझीच,
ऐकत नाही अशी आई