आल्बांची मेणबत्ती

बोन, १२ जून

प्रिय आई,

आज तीस किलोमीटर सायकल चालवली. चढ फार होते, पण मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सुट्टीवर जाते म्हणाले होते, पण वाट मुद्दाम फेर्नां मालकाच्या द्राक्षमळ्यावरून आखली होती. वाइन चाखायला आलेल्या सायकलवाल्या पाहुण्यांत मीही बसले. त्याने मला ओळखलं नाही.

तो रंगात येऊन सांगत होता, "द्राक्षरस आंबतो त्या हौदात विषारी वायू साचतो. आधी पेटती मेणबत्ती खाली सोडायची; विझली तर उतरायचं नाही. गेल्या साली माझा एक गडी विसरला आणि गेला बिचारा!"

आपल्या आल्बांच्या कोटात सापडलेली मेणबत्ती मी त्याच्यापुढे पेटवून ठेवली.

"माझा भाऊ विसरला नव्हता, मालक. 'राहू दे ती मेणबत्ती, उतर लवकर,' असं तुम्हीच ओरडलात. तुमच्या मळ्यावरची ओदेत तिथेच होती. ती आता कोर्टात सांगणार आहे."

"बाई, पाहुण्यांसमोर नको," तो पुटपुटला.

पाहुण्यांनी भरलेले पेले खाली ठेवले. मला फार बरं वाटलं, आई. मेणबत्ती तिथेच जळत ठेवून आले. विझवायला त्याचा हात धजला नाही.

वेळेवर जेवत जा. मी आता मोजे धुऊन खिडकीत वाळत घालते.

तुझी माथिल्द