ग्रेसकडे मागितलेली माफी

१३ ऑक्टो. ५७, रवि.
देवळात आज पण बायबलचा पाठ ग्रेसने वाचला. हिंदीत. पाळकसाहेब म्हणतात, मराठी जिल्हे गेले, आता आपला मध्य प्रदेश हिंदीचा, अर्धी उपासना हिंदीतच चालणार. दोन वर्षं मराठीतून मीच वाचत होते. शाळा चौथीत सुटली, चार लोकांत तोंडातून शब्द निघत नाही, पण पाठ वाचताना आवाज कापायचा नाही. तेवढंच एक होतं माझं. ही खंडव्याहून काकाकडे येऊन तीन महिने नाही झाले.
घरी येताना आई म्हणे, "काय गोड वाचते व ती पोरगी! तुले हिंदी नाही जमत का?"

१७, गुरु.
घरप्रार्थना आमच्याकडे. ग्रेस डोळे मिटून प्रार्थना करते, मधेच रडते. सगळ्या बाया आमेन, आमेन. केवढी आत्मिक मुलगी, म्हणे. माझी पाळी आली तर "प्रभू, धन्यवाद", आणि लगेच आमेन. रडू मला पण आलं, चहा करताना, चुलीजवळ. ते कोण बघतं.
देवा, तिचा आवाज बसू दे. खरंच असं मागितलं.

२७, रवि.
पुढच्या रवि. प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी नेहमीचं सांगितलं, कोणाबद्दल मनात काही असेल तर शनिवारपर्यंत त्याच्या घरी जाऊन मिटवा, मगच प्रभूच्या भाकरीच्या थाळीला हात लावा. सगळे जातात. मागे आई मार्थामावशीकडे जाऊन आली, कोंबडीवरून भांडण होतं. मी कधी गेले नाही. माझं भांडण होतच नाही, बोलतेच कुठे.

२ नोव्हें., शनि.
मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं सोडून ग्रेसकडे गेले. इतवारा बाजारामागे तिच्या काकाची खोली. ग्रेस कपडे वाळत घालत होती. एका दमात सांगितलं, मी तुझ्यावर जळते, तुझा आवाज जावा म्हणून देवाजवळ मागितलं, माफ कर.
ती म्हणे, "मैंने तेरा क्या बिगाड़ा? यहाँ एक तुझीको तो सहेली समझती थी."
मी निघून आले. पण येताना, खोटं कशाला, इतकं हलकं वाटलं. कांड्या पटापट भरल्या.

३, रवि.
ग्रेस आली नाही. डोकं दुखतं म्हणे. पाठ मला दिला. मराठीत! एकदा पण अडखळले नाही. थाळी घेतली, कप घेतला. आई खूश.
दुपारी जेवण गेलं नाही.

१०, रवि.
आज पण नाही आली. बाया सगळ्या तिचंच. पोरीला घर आठवत असेल, दुबळी झाली असेल. नसून पण तीच. मी वाचलं ते कोणाच्या ध्यानात नाही.

१३, बुध.
पाळकबाईंनी कांदे चिरायला बसवलं आणि काढून घेतलं सगळं. वाटलं रागावतील. म्हणे, "अगं, आपल्या अंगणातला कचरा झाडून तिच्या दारात टाकून आलीस की! तिला तर माहीतच नव्हतं. माफी मागायला गेलीस का मोकळी व्हायला?"
मी म्हटलं, मग जळणं ठेवू कुठे?
"देवाला सांग, पुढे धन्यवाद न लावता. नाही तर मला सांग. दाबून ठेवून वरून गोड प्रार्थना केलीस तर चाळिशीत पण सोळाचीच राहशील." अशी दोन नावं पण सांगितली आपल्याच देवळातली. लिहीत नाही.
आज प्रार्थनेत सांगितलं. देवा, मला तिचा राग येतो, आणि तुझा पण.

३०, शनि.
उद्या परत प्रभुभोजन. ग्रेसकडे गेले. माफीचं काढलंच नाही. विचारलं, येत का नाहीस?
"पढ़ने खड़ी होऊँगी तो लगेगा, तू नीचे बैठी मेरी आवाज जाने की राह देख रही है."
मी म्हटलं, थोडी बघते अजून.
"पागल!" तोंड वळवलं होतं, हसली का रडली कळलं नाही. मग म्हणे, उद्या येते, पाठ नाही वाचणार, गाणार फक्त. तू बाजूला बस.
हो म्हणून आले. थाळी घ्यायची का, अजून ठरत नाही. बाजूला बसले तर तिचा आवाज अगदी कानाशी येणार, आणि ती गाते पण माझ्यापेक्षा चांगली.