रेकॉर्ड्स ह्यांच्या नव्हत्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त, तिसऱ्या मजल्यावरील माझ्या राहत्या घरी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब थोडा जास्त आहे, त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, गरज वाटली नव्हती. गेल्या महिन्यात एक पत्र आले आणि वाटली.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळाव्यात. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. म्हणजे एक आहे. ह्यांना, माझ्या पतींना, जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा त्याने मला विचारले, "आई, बाबांच्या रेकॉर्ड्सचं काय करायचं?" हा मुलगा याच घरात वाढला. मी प्लेअरवर सुई ठेवायचे तेव्हा हा शेजारी बसून गृहपाठ करायचा. तरी बाबांच्या. म्हणून त्याला घर मिळेल, रेकॉर्ड्स मिळणार नाहीत.

कलम २. ह्यांनी कारखान्याच्या बॉयलर विभागात चौतीस वर्षे काढली. त्यांची हत्यारांची पेटी त्यांचे जोडीदार फिटर यांना द्यावी. त्यातला मोठा पाना मुळात आपलाच असल्याचे फिटर सांगतात. असेलही.

कलम ३. माझ्या ताब्यात सहाशे बारा लाँगप्ले रेकॉर्ड्स आहेत, बहुतेक सगळ्या रॉक संगीताच्या. त्या सर्व मी माझ्या पगारातून, स्वकष्टार्जित मिळकतीतून घेतल्या आहेत. वकीलबाई म्हणाल्या, हे एकदा लिहिले की पुरते. त्यांचा अनुभव वेगळा असेल. मी पुन्हा लिहिते: मी घेतल्या आहेत. प्रत्येकीच्या आतल्या कागदी पाकिटावर उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने तारीख घातली आहे, अक्षर माझे आहे.

सुरुवात कशी झाली तेही नोंदवते, कारण ते आजवर मला कुणी विचारलेले नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि परदेशी कॉल जोडायच्या टेबलावर बसत होते. एकदा पलीकडचा माणूस रिसीव्हर टेबलावर ठेवून कुठलासा कागद शोधायला गेला. त्याच्या मागे खोलीत रेकॉर्ड लागलेली होती. चार मिनिटे माझ्या कानात ड्रम आणि एक गिटार. तो परत आल्यावर मी नियम मोडून विचारले, "मागे काय वाजतंय?" त्याने मला बँडचे नाव एकेक अक्षर सुटे करून सांगितले. पर्यवेक्षकांनी ते ऐकले आणि मला कारणे दाखवा नोटीस दिली. ती नोटीस पहिल्या रेकॉर्डच्या पाकिटात आहे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ह्यांच्या ओळखीचे एक विमा अधिकारी घरी आले. सगळे त्यांना 'कोश' म्हणतात, कारण त्यांना सगळे माहीत असते. कपाट पाहून ते ह्यांना म्हणाले, "काय संग्रह आहे हो तुमचा!" ह्यांनी तोंड उघडले, पण तोवर कोश खाली बसून रेकॉर्ड्स काढू लागले होते. पुढच्या रविवारी ते चार मित्र घेऊन आले. ते पाचजण एकतीस वर्षे दर रविवारी सकाळी दहाला येत राहिले, आणि स्वतःला रविवार मंडळ म्हणू लागले.

कोणत्या गायकाचा आवाज कधी बसला, कोणता बँड कुणाच्या बायकोमुळे फुटला, रेकॉर्डची पहिली छपाई कशी ओळखायची, यावर ते तावातावाने बोलत. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ऐकत असे. निम्मे चुकीचे असायचे. एकदा एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यावरून वाद पेटला, तेव्हा मला राहवले नाही. आतून म्हणाले, "त्या गाण्यात ड्रम वाजवणारा वेगळा आहे. ठोका ऐका, हा मागे रेलून, किंचित उशिरा वाजवतो." त्यांनी कव्हरवरची बारीक अक्षरे वाचली. खरे निघाले. कोश ह्यांना म्हणाले, "वा, तुमच्या सहवासात वहिनीपण तयार झाल्या."

ह्यांच्यावर मी अन्याय करणार नाही. बॉयलरच्या आवाजाने ह्यांचा डावा कान तरुणपणीच गेला होता. मंडळी ह्यांना दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसवत आणि ह्यांच्या कानाची तारीफ करत. सगळे गेले की हे मला विचारत, "आज डावीकडे काय चाललं होतं?" मी सांगत असे. ह्यांनी त्या लोकांना निदान तीनदा स्वच्छ सांगितले, "मला यातलं काही कळत नाही, हिला विचारा." तिन्ही वेळा कोश म्हणाले, "केवढा विनय."

मी गप्प का बसले? आधी हसू यायचे. मग राग यायला लागला. मग इतकी वर्षे झाली की आता सांगितले तर लोक म्हणतील, म्हातारीला काय झाले.

ह्यांच्या शोकसभेत कोश वीस मिनिटे बोलले. "असा कान पुन्हा होणे नाही," असे म्हणून त्यांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत होते. तेव्हाही गप्प बसले. आणि गेल्या महिन्यात रविवार मंडळाचे ते पत्र आले: वाचनालयात एक खोली मिळते आहे, संग्रह तिथे ह्यांच्या नावाने ठेवू, दारावर ह्यांच्या नावाची पाटी लावू, "वहिनींनी फक्त ना-हरकत द्यावी, त्यांना या पसाऱ्याचा आणखी त्रास नको."

माझी हरकत आहे.

कलम ४. सर्व रेकॉर्ड्स, प्लेअर, दोन्ही स्पीकर, सुया आणि धुळीचा मखमली ब्रश पहिल्या मजल्यावर दवाखाना असलेल्या दंतवैद्य मुलीला मिळावेत. ती दोन वर्षांपूर्वी आवाज कमी करा म्हणून सांगायला वर आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "कमी कराच, पण आधी हे कोण ते सांगा." तेव्हापासून दर बुधवारी दवाखाना बंद असतो तेव्हा येते. माझा सर्वांत लाडका बँड तिसऱ्या रेकॉर्डनंतर कामातून गेला, असे ती माझ्या तोंडावर म्हणते. ते साफ खोटे आहे. पण ती माझ्याशी भांडते. तिने यातली एकही रेकॉर्ड रविवार मंडळाला घरी नेऊ देऊ नये. ऐकायला आले तर येऊ द्यावे.

कलम ५. रविवार मंडळाला मी माझा स्वयंपाकघरातला स्टूल देते. त्यांनी त्यावर आळीपाळीने बसावे. वकीलबाईंनी हे कलम गाळायला सुचवले होते. ते राहील.

सह्यांविषयी खुलासा (वाचन झाल्यावर हाताने जोडलेला). लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून दंतवैद्य मुलीची सही नाही. स्टूल मंडळाला आहे, कुणा एकाला नाही, त्यामुळे कोश चालतील, असे वकीलबाईंचे मत पडले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. मी मात्र त्यांना सगळा वाचायला लावला. ते एकेक पान सावकाश वाचत गेले. शेवटचे पान झाल्यावर कलम तीनचे पान काढून पुन्हा वाचू लागले. साक्षीला आलेले डॉक्टर घड्याळ पाहू लागले.

मग कोश म्हणाले, "वहिनी, मी माफी मागितली तर तुम्ही आणखी चिडाल."

"हो," मी म्हणाले.

"मग एक विचारतो. एवढ्या सगळ्यांतली तुमच्या मते सर्वांत चांगली रेकॉर्ड कुठली? आणि का?"

हे मला प्रथमच कुणी विचारत होते. मी उत्तर दिले. त्यासाठी चार रेकॉर्ड्स लावून दाखवाव्या लागल्या. म्हणून खाली सकाळी अकराची वेळ खोडून दुपारी दीड केली आहे. खाडाखोड माझीच आहे आणि तिच्याखाली माझी सही आहे.

स्थळ: माझे राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार
वेळ: दुपारी दीड

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: माझे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: निवृत्त विमा अधिकारी, रविवार मंडळ (सही, संपूर्ण वाचून)