डाव्या पायासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, वय सदुसष्ट, हा लेख माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. शरीराबद्दल तसं लिहिता येत नाही, कारण उद्या सकाळी माझा डावा पाय गुडघ्याखालून काढायचा आहे. संमतीचा कागद उशीखाली आहे. त्यावर अजून सही केलेली नाही. पायाशिवाय जगण्यापेक्षा पायासकट गेलेलं काय वाईट, असा विचार चालू आहे. म्हणून आधी हा कागद.

ही बातमी मला कोणी सांगितली नाही, मी ऐकली. पडद्यापलीकडे डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बोटावर भागणार नाही. वर जावं लागेल." गिऱ्हाईकाने फोनवर मशीन चालवून ऐकवलं की काय बिघडलंय ते मी सांगतो, बाजारात मला 'कानवाले' म्हणतात ते उगाच नाही. पण हे वाक्य माझ्याबद्दल आहे असं वाटेचना. मी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. ती रिकामी होती.

कलम १. राहतं घर, सामानासुमानासह, पत्नीचं. "आई, तू आता आमच्याकडेच ये" असं गोड बोलून तिला कोणी हलवू नये. जायचं असेल तेव्हा ती स्वतः बॅग भरेल.

त्याच घराच्या फरशीवर तिला ते दिसलं. "अहो, हे लाल पाऊल कुणाचं?" मी म्हणालो, "कुणीतरी रंग तुडवून आलं असेल." ती ठशांमागोमाग माझ्या खुर्चीपाशी आली आणि माझा तळवा उचलून पाहिला. बूट झटकला तर सुई आवळायचा स्क्रू बाहेर पडला. दिवसभर मी त्याच्यावर उभा होतो आणि मला पत्ता नव्हता. तो धक्का अजून उतरलेला नाही.

कलम २. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांना सारखी. "तुझं लग्नात दिलं" असं मुलीला कोणी ऐकवू नये.

कलम ३. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून पत्नीच्या भावाला साक्षीदार केलं आहे. मी एका स्क्रूड्रायव्हरवर रस्त्याच्या कडेला बसायचो तेव्हा "बहीण फुटपाथवर दिली" असं हे गृहस्थ चारचौघांत म्हणाले होते. मी विसरलेलो नाही. मात्र "भाऊजी, मोजा काढा, बघू द्या" असं म्हणणारेही तेच होते. मी म्हणालो, "दुखतच नाही तर बघायचंय काय?" हेही इथे नोंदवतो.

कलम ४. दुकान आणि सगळी हत्यारं मुलाला.

आमच्या धंद्यात आवाज नाही म्हणजे बिघाड नाही. कुरकुर न करणारं मशीन मी कधी खोललं नाही. पायालाही तोच हिशोब लावला. दुखत नाही म्हणजे भरून येतंय, असं म्हणून चिकटपट्टी लावायची आणि दुकान उघडायचं. पुढे वास यायला लागला, बोट काळं पडलं. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, साखरेने पायाच्या नसा मुक्या होतात. दुखत नाही, हाच बिघाड."

रोज तळवा आरशात पाहायचा असतो म्हणे. माझ्याकडे लांब दांड्याचा गोल आरसा आहे, मशीन न उलटवता त्याचं पोट दिसावं म्हणून खास बनवून घेतलेला. हजारो मशीनखाली धरला, स्वतःच्या पायाखाली एकदाही नाही. तो आरसा ~~माझ्या पश्चात~~ मुलाला द्यावा.

इथपर्यंत लिहिलं आणि कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. एक पाऊल फट, एक मुकं. फट, मुकं. मुलगा औषधं घेऊन आत आला.

"दुसरी चप्पल कुठंय?"

"कुठली दुसरी?" म्हणाला आणि खाली पाहिलं.

चप्पल खाली जिन्यात पडली होती. "घाईत निसटली असेल, बाबा."

"निसटली ते ठीक. कळलं कसं नाही?"

गेल्या वर्षी त्याने स्वतःची साखर "जराशी वर" आहे असं सांगून विषय बदलला होता. ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि तळव्याला नायलॉनचा जाडसर दोरा टेकवला. "लागलं की सांगा." इथे टेकवला, तिथे टेकवला, टाचेजवळ टेकवला. शेवटी त्यांनी हात मागे घेतला.

मुलगा डोळे मिटूनच म्हणाला, "सुरू करा की."

मी हा कागद पुन्हा पुढे ओढला. पुढची ओळ घाईत लिहिली, म्हणून वेडीवाकडी आली आहे. ती माझीच समजावी.

वरचे 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले आहेत आणि शेजारी सही केली आहे. आरसा त्याला आजपासून. त्याच्या तळव्याला अजून जखम नाही.

कलम ५. डावा पाय दवाखान्याने न्यावा. संमतीच्या कागदावर आत्ताच सही केली. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मुलाने दुकानातल्या स्टुलावर बसून तळवे वर करावेत. आरसा मी धरीन. तेवढ्याला एक पाय पुरतो.

बाकी कलमं माझ्या माघारी लागू होतील. त्यांना घाई नाही.

सही: कानवाले

साक्षीदार:
१. पत्नीचे बंधू. सही घेण्याआधी त्यांचेही मोजे उतरवून पाहिले. ठीक आहेत.
२. ड्रेसिंगच्या सिस्टर.

ठिकाण: पुरुष विभाग, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.