मावशीच्या भिंतीखालचा रानकोबी

स्प्लिट, सोमवार दुपार

तीर्थस्वरूप येर्कामावशीस प्रोश्पेरचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण सरळ व्हायला वेळ लागला, भाचाही आता पन्नाशीचा झाला.) तुझा गुडघा कसा आहे? अंजिरं वाळली का? राश्तिका कोणाची अस्सल, यावरून शेजारच्या पेरिनाशी धरलेला अबोला सुखरूप असेलच. अकरा वर्षं जपलेली वस्तू आहे.

गेल्या आठवड्यात तुझ्याकडे जेवताना माझ्या हातून बशी फुटली, तिचा खुलासा करायला हे पत्र. तुला वाटलं, पोगाचाच्या रोटीत भरलेल्या माशांत मीठ कमी पडलं. मीठ अगदी बरोबर होतं. बशीबरोबर माझी सहा वर्षं फुटली, एवढंच.

गड्ड्याचा पत्ता नसलेला, नुसत्या पानांचा हा आपला कोबी, ही राश्तिका, तू धुरी दिलेल्या मटणात शिजवतेस आणि मी प्रयोगशाळेत वाटतो. तिची रानातली आजी शोधायची, हा माझा धंदा. सहा वर्षांपूर्वी तुझ्या परसाच्या भिंतीवरून डोकावलो, तर खाली समुद्राच्या कड्यावर, कपारीत, रानकोबी डोलतोय! कमरेला दोर बांधून उतरलो (तू वरून ओरडत होतीस, "मेलास तर पत्र पाठव!"), पानं आणली आणि त्यांचा जीनोम वाचला. म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली साठ कोटी अक्षरांची पोथी. ती तुझ्या राश्तिकेच्या पोथीशेजारी ठेवून ताडून पाहिली, तर जवळजवळ तीच. आमचे प्राध्यापक ब्लाझेका (स्वतःच्या बढतीच्या मेजवानीतही हाताची घडी न सोडणारा माणूस) मला मिठी मारून म्हणाले, "आजी सापडली!" आजी आणि नात इतक्या सारख्या कशा, ही शंका तेव्हाच यायला हवी होती, पण मिठीत माणसाला शंका येत नाहीत.

आणि त्या दिवशी खिडकीतून पाहतो, तर बियांसाठी राखलेले राश्तिकेचे वाळके दांडे तू टोपलीत झाडलेस आणि उरलेले उचलून भिंतीपलीकडे भिरकावलेस.

"मावशी, कुठे टाकतेस हे?"

"कुठे म्हणजे? माझी सासू टाकायची तिथे. तिची सासूही तिथेच टाकायची. समुद्र घेतो."

समुद्रानं काही घेतलं नव्हतं. दांड्यांत अडकलेलं बी कपारीत रुजत होतं आणि मी दोराला लोंबकळून तुझ्या सासरचा केर तपासत होतो. हे सांगितलं, तर बशीचे तुकडे वेचत तू म्हणालीस, "मग रडतोस कशाला? आजी शोधायला गेलास, नात मिळाली. बस, पोगाचा खा, गार होतेय."

खाल्ली. छान होती. नवी बशी घेऊन येतोच.

तुझा,
प्रोश्पेर

ता.क. बशीसाठी कोणी एवढं लिहीत नाही. पुढच्या गुरुवारी ब्लाझेका आजीच्या दर्शनाला तुमच्या बेटावर येताहेत आणि प्रकल्पाची पुढची तीन वर्षं त्यावर ठरणार. त्यांना मी खरं सांगणार आहे, पण रिकाम्या हातानं नाही. पेरिनाच्या भिंतीखाली केसाळ पानांचा कोबी मी होडीतून पाहिलाय. तो खरा रानातला असणार, कारण पेरिना आपले दांडे गाढवाला घालते. पण वाट तिच्याच फाटकातून जाते. तिच्याशी एकदा बोलशील?

ता.क. २. बेटावरून निघण्याआधी तिला मी विचारून आलोय. म्हणाली, "येर्कानं स्वतः येऊन म्हणावं, 'पेरिना, तुझी राश्तिका माझ्या राश्तिकेहून कोवळी.' मग तुझा प्राध्यापक गाढवावर बसून जाऊ दे आतून."

ता.क. ३. खोटं कसं बोलू, म्हणून अडू नकोस. दोघींच्या राश्तिकाही मी मागेच ताडून पाहिल्यात. फरक म्हणावा असा फरक नाही. कधीतरी एका घरचं बी दुसऱ्या घरात गेलंय. कोणाचं कोणाकडे, ते जीनोम सांगत नाही. पेरिनाला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गाढवाची मान खाजवत राहिली. मग म्हणाली, "तिच्या गुडघ्याला बरं आहे का रे? नाहीतर मीच जाते."