दीपगृहाचा जिना

प्रिय लंबू,

कागदाचं पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. आणि पाकीट तुझ्या बायकोने आधी फोडलं असेल, तर चिमणे, आशीर्वाद, आता हे नवऱ्याच्या हातात दे. तुला फोन केला की हल्ली चिमणीच उचलते, आणि आपल्या त्या हेडसेटमधल्या दुनियेत भेटलो की तू असा काही विषय बदलतोस की मी काय विचारायला आले होते तेच विसरते. म्हणून म्हटलं, लिहून काढावं. लिहिताना मला मध्येच कुणी तोडत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे तू लहानपणापासून ऐकवतोस. असेल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून दुसरं काय होणार? अक्षर दिसत नसताना 'दिसतंय, दिसतंय' म्हणणारं गिऱ्हाईक मी लांबून ओळखते. तर ऐक. सुट्टीत तू येणार होतास, ऐनवेळी काम निघालं. मीच येते म्हटलं, तर म्हणे घराला रंग लावायचाय. तुझ्या फोनचा कॅमेरा बिघडला तो बिघडलाच. अरे, एवढ्या दिवसांत माणूस नवा फोन घेतो! चिमणी आधी माझ्याशी भरभरून बोलायची, आता 'तो बरा आहे, ताई' याच्या पुढे तिची गाडी जात नाही. बरा आहे का, असं मी विचारलं तरी होतं का? मला सरळ वाटलं, हिने माझ्या भावाला माझ्यापासून तोडायचं मनावर घेतलंय. आई-बाबांनंतर मला तू एकटा आहेस रे. तेवढा तरी कुणी नेऊ नये.

त्यातच दीपगृहाचं सुरू झालं. तू एका शहरात, मी दुसऱ्या, तरी रविवारी दुपारी दोघांनी डोळ्यांवर हेडसेट चढवायचे आणि त्या दुनियेतल्या आपल्या खडकावर दीपगृहाच्या भिंती उचलायच्या, दगड रंगवायचे, लाटांचा आवाज कमी-जास्त करायचा, हे कधी चुकलं नाही. भिंत गोल वळवण्यात तू तरबेज, उजेड माझ्याकडे. वर जाणारा गोल जिना तर तू किती वेळा पाडून पुन्हा बांधलास. आणि आपला नियम ठरलेला: काहीही बदललं की तिथे हवेत पिवळा चेंडू टांगून ठेवायचा. दुसऱ्याने येऊन बघायचं, पटलं तर चेंडू काढायचा, नाही पटलं तर भांडायचं. एका खिडकीवरून आपण महिनाभर भांडलो होतो, आठवतंय? बदल करायचा अधिकार फक्त आपल्या दोघांना, बाकी जगाने नुसतं येऊन बघायचं.

एकदा मी सहज एकटीच आत गेले, तर दार रुंद झालेलं. चेंडू नाही. मला वाटलं माझ्याच डोळ्यांना नवा नंबर लागला. पुढच्या खेपेला वरची खिडकी चांगलीच खाली सरकलेली, दिव्याचं बटण माझ्या कमरेच्याही खाली. चेंडू नाही. आणि मग एके दिवशी जिनाच गायब! त्या जागी भिंतीला धरून गोल गोल वर जाणारा नुसता उतार. माझं पित्त खवळलं. रविवारी तुला विचारलं, तर 'असं होय? बघतो' म्हणालास आणि लाटांच्या आवाजाचा विषय काढलास. पायरीची कड बोटभर सरकली तर ज्याला जेवण गोड लागत नाही, तो तू! तेव्हाच मी ताडलं, कुठेतरी पाणी मुरतंय. बाहेरच्याला आत हात लावता येत नाही. मी तर काही केलेलं नाही. तू चेंडू टांगल्याशिवाय खिळासुद्धा ठोकणार नाहीस. उरलं कोण? तुझा हेडसेट जिच्या हाताशी आहे ती. शिवाय चिमणी बुटकी. खिडकी खाली, बटण खाली, सगळं कसं चपखल बसलं. म्हटलं, भाऊ घेतला तो घेतला, आता आमचं दीपगृहही घेतेस काय!

मग मी पाळत ठेवली. आपण बांधलेलं तपासायला अदृश्य होऊन फिरायची सोय असते ना, ती वापरली. बुधवारी दुपारी आमचं दुकान बंद असतं. दोन-तीन बुधवार फुकट गेले, पण मी चिकट. शेवटी एकदा वरच्या दिव्याच्या खोलीत दबा धरून बसले असताना खालचं दार उघडलं. तुझाच निळा कोट, तुझीच टोपी, पण आतला माणूस एवढासा. अंगावर कोट कुणाचाही चढवा, ते यंत्र उंची धरतं ती आपल्या खऱ्या डोळ्यांची. मी मनात म्हटलं, सापडलीस चिमणे! खाली जाऊन झापायच्या तयारीत उठलेच होते.

तेवढ्यात त्या एवढ्याशा माणसाने एक दगड उचलला, बसवण्याआधी त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि मान तिरकी करून ऐकलं. अरे, त्या दगडाला आवाज नसतो, तो पोकळ की भरीव हे टिचकीने कळत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ही खोड जगात एकाच गाढवाला आहे. मी पुन्हा खाली बसले. तू स्वतःभोवती एक चौकट आखून घेतली होतीस, चाकांची खुर्ची मावेल एवढी. ती घेऊन उतारावरून वर यायला लागलास. वळणावर चौकटीचा कोपरा भिंतीत घुसला. मागे गेलास, वळण रुंद केलंस, पुन्हा आलास, पुन्हा घुसला, पुन्हा मागे. लंबू, त्या दुनियेत बोट दाबलं की माणूस उडत वर जातो! तिथे उतार कुणाला लागतो? वळायला जागा कुणाला लागते? अखेर वर पोचलास आणि माझ्या शेजारी, खाली आणलेल्या त्या खिडकीतून किती तरी वेळ समुद्र बघत राहिलास. बसून. मला रडू आवरेना, आणि हेडसेटच्या आत रडलं की धड पुसताही येत नाही.

बसलेल्या माणसाला उभं दाखवायचं एक बटण असतं, हे मला हेडसेट काढल्यावर आठवलं. रविवारी माझ्यासमोर तू ते दाबून येतोस. एकटा असलास की दाबत नाहीस.

काय झालं, कधी झालं, आणि मला का नाही सांगितलं, हे मी विचारणार आहे, सुटका नाही. रागावले आहे मी, खूप. चिमणीला तूच शपथ घातली असणार, आणि मी इतके दिवस त्या पोरीवर दात धरून बसले. ती एकटीने काय काय उचलत असेल! तिच्याशी मी समोरासमोर बोलेन.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. परवा पुन्हा दीपगृहात गेले. मोजपट्टीचं टूल उघडलं आणि तू केलेल्या दाराची रुंदी, उताराचा चढ, वळणाची जागा, सगळी मापं घेऊन आमच्या सुताराला दिली. काल त्याने माझं पुढचं दार चौकटीसकट काढलं, न्हाणीघराचंही काढलं, दोन्हीकडचे उंबरठे उखडले. उद्या गवंडी येऊन बाहेरच्या पायऱ्यांवर उतार करेल. सध्या घर सताड उघडं आहे, धूळ नाकातोंडात जातेय, आणि शेजारीण सारखी विचारतेय, एवढं कोण येणार आहे म्हणून. मी तिला सांगितलंय, माझा भाऊ यायचाय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
ताई